तेलाच्या दाबावर चालणारी अक्कल

१ नोव्हेंबर १९४८ रोजी भारतीय लष्कराच्या सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे काश्मीरच्या झोजी ला खिंडीत चढले. अकरा हजार फुटांहून अधिक उंची, सगळीकडे बर्फ, आणि त्या रणगाड्यांना क्लचचे पेडल नव्हते. प्रत्येकाच्या पोटात कॅडिलॅक मोटारीची दोन व्ही-८ इंजिने होती आणि त्यांना जोडलेले, आपोआप गिअर बदलणारे हायड्रामॅटिक गिअरबॉक्स. जनरल मोटर्सने हा गिअरबॉक्स १९३९ साली ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी बाजारात आणला होता.

त्यात इलेक्ट्रॉनिक्स अजिबात नाही. चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टबरोबर फिरणारा गव्हर्नर वेग वाढेल तसा तेलाचा दाब वाढवतो. अ‍ॅक्सिलरेटरशी जोडलेला व्हॉल्व्ह त्याविरुद्ध रेटा देतो. ज्याचा जोर जास्त, त्याप्रमाणे गिअर बदलतो. चढावर पाय दाबला की गाडी खालच्या गिअरमध्ये येते, ती याच ओढाताणीतून.

असा गिअरबॉक्स मरतो तो बहुधा उष्णतेने. तेल साधारण ८० अंशांपर्यंत सुखाने टिकते. त्यापुढे दर ११ अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा कारागिरांचा ठोकताळा. आदिलाबादला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. तशा उन्हात जुन्या रस्त्याने निर्मलजवळचा महबूब घाट चढायचा, तर सत्तर वर्षांच्या मोटारीचे तेल करपायला वेळ लागत नाही. मग रबरी सील कडक होतात, दाब गळतो, गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटा घसरून जळतात. गिअरच्या दात्यांना मात्र सहसा काही झालेले नसते.

म्हणून पुनर्बांधणीत सगळ्यात मोठे काम स्वच्छतेचे. नेहमीचे कॉटन वेस्ट इथे वर्ज्य, कारण त्याचा एक धागा व्हॉल्व्ह अडकवू शकतो. नव्या प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवतात. सीलला ग्रीस लावत नाहीत, व्हॅसलीन लावतात. ते तेलात विरघळून जाते. ड्रम पकडणारे बँड आधी आवळून मग ठरावीक आटे सैल करायचे. शाफ्टची मागेपुढे होणारी हालचाल डायल गेजवर मोजून वॉशर निवडायचे. शेवटी तेलाच्या वाटांमधून कॉम्प्रेसरची हवा सोडायची: क्लच धप्पकन लागला तर सील धरले, नुसती फुसफुस आली तर पुन्हा खोला. ही परीक्षा टाळून गिअरबॉक्स गाडीखाली चढवणे मला अक्षम्य वाटते.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी मूळ रूपात राखलेल्या, पन्नास वर्षांवरील खासगी वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली. पण पेट्रोल महागले त्या काळात मुंबईत कितीतरी मोठ्या अमेरिकन गाड्यांमध्ये डिझेल इंजिने बसली होती आणि मूळ गिअरबॉक्स निघाले होते. हायड्रामॅटिकचे सील आणि क्लच प्लेटा अमेरिकेहून आजही मागवता येतात. त्याचे बिडाचे घर आता कोणी ओतत नाही. इंजिन बदलताना ज्यांनी मूळ गिअरबॉक्स भंगारात न देता गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवला, त्यांना तो अजून पूर्ववत करता येतो.