लोकहिताचा हिशेब

पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभ्या असलेल्या गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटी रुपयांचा, उद्दिष्ट भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्याचे. खर्च पुढे कैक पटींनी वाढला आणि त्याची चर्चाही पुष्कळ झाली. परंतु एक प्रश्न कोणत्याही लेखापरीक्षणात बसत नाही. अनेकांच्या शेताला पाणी मिळावे म्हणून काहींचे गाव बुडविण्याचा अधिकार समाजाला कशाने प्राप्त होतो?

हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. तत्त्वज्ञान म्हटले की ब्रह्म, माया आणि मोक्ष यांपलीकडे आपली दृष्टी सहसा जात नाही. वस्तुतः १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांनी मिल्ल व स्पेन्सर पचविले आणि लिहिले ते बालविवाहावर, केशवपनावर. १९९० मध्ये नागपुरातून ‘आजचा सुधारक’ सुरू करणारे दि. य. देशपांडे हेही तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक. मग धरणाचा प्रश्न तेवढा अभियंते आणि पुढाऱ्यांवर का सोडावा?

त्याचे प्रचलित उत्तर बेंथमचे : अधिकांचे अधिक सुख. १९३९ मध्ये कॅल्डॉर आणि हिक्स या अर्थशास्त्रज्ञांनी त्याला नवी कसोटी जोडली. लाभ झालेले लोक नुकसान झालेल्यांना भरपाई देऊनही फायद्यात राहू शकत असतील, तर योजना इष्ट. ‘शकत असतील’ या दोन शब्दांतच सारी मेख आहे! भरपाई प्रत्यक्ष दिलीच पाहिजे, असे ही कसोटी म्हणत नाही. अमर्त्य सेन यांनी नेमके येथेच बोट ठेवले. भरपाई दिली असेल तर कसोटी अनावश्यक. दिली नसेल, तर ती देता आली असती या समाधानाचा घर गेलेल्याला उपयोग काय? रॉल्स यांच्या १९७१ च्या ग्रंथातील आक्षेपही याच जातीचा. उद्याच्या सोयीसाठी स्वतः आज उपाशी राहणे वेगळे आणि शेजाऱ्याला उपाशी ठेवणे वेगळे.

शिवाय नुकसान मोजायचे कोणाचे? वैनगंगेच्या डोहात जाळे टाकणारा ढिवर, दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणारी मजूर बाई, यांच्या नावे सातबारा नसतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली मोबदल्याचा धनी तो, ज्याचा जमिनीत हितसंबंध. शेतमजूर आणि मासेमारीवर जगणारी कुटुंबे यांना ‘बाधित’ म्हणणारा केंद्रीय कायदा झाला २०१३ मध्ये, म्हणजे गोसीखुर्दच्या भूमिपूजनानंतर पंचवीस वर्षांनी. बुडणारे सारेच जमीनदार असावेत, अशी त्या जुन्या कायद्याची समजूत दिसते.

पाण्याची वाट पाहणाऱ्या धानउत्पादकाचा दावा यामुळे खोटा ठरत नाही. पावसाने दडी मारली की त्याचेही वर्ष वाया जाते. मात्र लाभ घेणाऱ्याने नुकसान सोसणाऱ्याला भरून द्यावे हे तत्त्व खरेच मान्य असेल, तर कालव्याचे पाणी मिळालेला शेतकरी पाणीपट्टीपलीकडे त्या ढिवराचे काही देणे लागतो काय? जिल्ह्यातील महाविद्यालयांनी हा प्रश्न तर्कशास्त्राच्या तासाला मांडून पाहावा. धरणाच्या वरची आणि खालची मुले तेथे एकाच बाकावर बसतात.