पोटदुखीचे निदान आणि संगणकाचा सल्ला

घरातील मूल रात्री पोट धरून रडू लागले की आमच्या कुटुंबांतून प्रथम ओवा आणि हिंग यांची आठवण होते. बहुधा सकाळपर्यंत दुखणे थांबते व कोणी त्याचा पुन्हा विचार करीत नाही. परंतु तेच दुखणे बेंबीपासून सरकत ओटीपोटाच्या उजव्या बाजूस जाऊन बसले, तर ते आंत्रपुच्छाच्या, म्हणजे ज्यास सर्वजण अपेंडिक्स म्हणतात त्याच्या, दाहाचे असू शकते. येथे डॉक्टरांपुढे दुहेरी संकट उभे राहते. थांबावे, तर आंत्रपुच्छ फुटून पू पोटभर पसरण्याचे भय. घाई करावी, तर निरोगी मुलाचे पोट विनाकारण उघडले जाते.

इंग्लंडातील लीड्स येथे डॉ. डी डोंबल व त्यांचे सहकारी यांनी या कामी संगणकाचे साहाय्य घेतले. पूर्वीच्या शेकडो रुग्णांची लक्षणे त्यांनी त्यात साठविली. नवा रुग्ण आला की त्याची लक्षणे छापील कागदावर टिपून घ्यावयाची. मग आंत्रपुच्छदाह, पित्ताशयाचा दाह, आतड्यातील अडथळा इत्यादी कारणांपैकी कोणते किती संभवनीय आहे, हे यंत्र हिशेबाने सांगे. हा हिशेब ज्या नियमावर उभा आहे तो थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा, त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झालेला. तो आपल्या पंथाचा नव्हता खरा, पण एका पाळकाचे गणित शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत पोहोचावे, याची आम्हांस मौज वाटते.

१९७२ साली त्यांनी ३०४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. यंत्राचे निदान शेकडा ९१.८ वेळा बरोबर ठरले. पथकातील सर्वांत अनुभवी डॉक्टरांचे ७९.६ वेळा. हे आकडे वाचून यंत्र माणसाहून शहाणे आहे असे कोणी म्हणेल, तर ते आम्हांस मान्य नाही. रुग्णाचे पोट हाताने चाचपून पाहिले ते डॉक्टरांनीच. यंत्रास मिळाली ती त्यांचीच निरीक्षणे. शिवाय लीड्सच्या रुग्णांवरून बांधलेला हिशेब कोपनहेगन येथे नेला, तेव्हा तो तितका बरोबर उतरला नाही.

आम्हांस अधिक विचारणीय वाटते ते निराळेच. हा उपक्रम चालू असता स्वतः डॉक्टरांचीच निदाने सुधारली, आणि तो थांबताच ती पुन्हा पहिल्या पायरीवर आली! पुढे आठ इस्पितळांत मोठी चाचणी झाली. तिचा वृत्तांत १९८६ साली आला. प्रथम तपासणीतील अचूकता शेकडा सुमारे ४६ वरून ६५ वर गेली व निष्कारण शस्त्रक्रिया जवळजवळ निम्म्यावर आल्या. यातील बरेचसे श्रेय त्या छापील कागदास आहे. प्रत्येक रुग्णास तेच प्रश्न, एकही न गाळता, विचारले जाऊ लागले, आणि आपली निदाने कितपत खरी ठरली हे डॉक्टरांस वेळोवेळी कळू लागले.

ते प्रश्न कोणत्याही आईस उत्तर देता येतील असेच आहेत. दुखणे प्रथम कोठे सुरू झाले व आता कोठे आहे? किती तास झाले? खोकताना किंवा हालचाल करताना कळ वाढते काय? ओकारी झाली काय? अन्नावरची वासना गेली काय? मुलास घेऊन दवाखान्यात निघताना वाटेतच ही उत्तरे जुळवून ठेवावी.