ब्राउझरद्वारे मोठ्या फाइल्सचे अपलोडिंग : अडचणी व उपाय

प्रस्तावना :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक ठरविले. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात असे प्रबंध जतन केले जातात. २०१७ पासून नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रेही प्रामुख्याने ऑनलाइन सादर होऊ लागली. साहजिकच डोंगरकडा (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) यांसारख्या ग्रामीण भागातील प्राध्यापकांनाही मोठ्या फाइल्स पाठविण्याचे काम टाळता येत नाही. हे काम वारंवार का फसते व त्यावर कोणता उपाय संभवतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अपलोडिंगचे स्वरूप :
ब्राउझरमधील अर्जातून फाइल पाठविण्याची पद्धत १९९५ मध्ये ‘आरएफसी १८६७’ या दस्तऐवजात मांडण्यात आली. या पद्धतीत संपूर्ण फाइल एकाच विनंतीतून सर्व्हरकडे जाते. १०० मेगाबाइट म्हणजे ८०० मेगाबिट. अपलोडचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल, तर किमान ४०० सेकंद जोडणी अखंड राहावी लागते. पंचाण्णव टक्के फाइल गेल्यावर जोडणी तुटली तरी सर्वसाधारणपणे पुन्हा आरंभापासूनच सुरुवात करावी लागते.

सर्व्हरच्या मर्यादा :
पीएचपी या प्रणालीत मूळ मांडणीनुसार एका फाइलला २ मेगाबाइट व संपूर्ण विनंतीला ८ मेगाबाइट एवढी मर्यादा असते. एनजिनएक्स या सर्व्हरवर ती १ मेगाबाइट असून ती ओलांडल्यास ‘४१३’ क्रमांकाची त्रुटी दिसते. पीएचपीमध्ये विनंतीची मर्यादा ओलांडली गेल्यास फाइलबरोबर अर्जातील मजकूरही प्रोग्रामला मिळत नाही. परिणामी, अर्ज पूर्ण भरलेला असूनही ‘माहिती भरा’ असा दिशाभूल करणारा संदेश येऊ शकतो. मर्यादा वाढविल्याने ही अडचण दूर होते. तुटणाऱ्या जोडणीची नव्हे.

खंडशः अपलोडिंग :
फाइलचे ब्राउझरमध्येच लहान खंड करणे, हा यावरील प्रभावी उपाय होय. १०० मेगाबाइटच्या फाइलचे ५ मेगाबाइटचे २० खंड होतात. प्रत्येक खंडासोबत फाइलची ओळख व खंडाचा क्रमांक पाठविला जातो. जोडणी तुटल्यास कोणते खंड पोहोचले, हे ब्राउझर सर्व्हरला विचारतो व उरलेलेच पाठवितो. विसाव्या खंडात व्यत्यय आल्यास वरील वेगाने ४०० ऐवजी २० सेकंदांचेच काम पुन्हा करावे लागते. शेवटी खंड जोडून मूळ फाइलशी त्यांची पडताळणी केली जाते. ‘टस’ ही मुक्त नियमावली अशाच पुनरारंभक्षम अपलोडसाठी आहे. मात्र अर्धवट राहिलेले खंड ठरावीक मुदतीनंतर पुसणे व फाइलचा प्रकार सर्व्हरवर तपासणे आवश्यक असते.

फाइलचा आकार आधीच कमी करणेही हितावह ठरते. ३०० डीपीआयने स्कॅन केलेले ए-४ आकाराचे रंगीत पान संक्षेपणापूर्वी सुमारे २६ मेगाबाइटचे असते. तेच निव्वळ कृष्णधवल असल्यास सुमारे १.१ मेगाबाइटचे. छापील मजकुरासाठी रंगीत स्कॅनची सहसा गरज नसते.

निष्कर्ष :
अपलोड अपयशी ठरणे हे प्रत्येक वेळी वापरणाऱ्याच्या अज्ञानाचे लक्षण नसते. जोडणी तुटणारच, हे गृहीत धरून संकेतस्थळाची रचना व्हावी आणि मर्यादा फाइल निवडण्यापूर्वीच स्पष्ट दर्शविली जावी. तसे झाल्यास ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापकांचा बहुमोल वेळ वाचेल आणि अंतिम मुदत केवळ तांत्रिक कारणाने हुकण्याचे प्रसंग कमी होतील.