कवितेला कान हवा

आपल्या महाविद्यालयात कवींची वाण कधीच नसते. वार्षिक अंकासाठी साहित्य पाठविण्याची सूचना फलकावर लागली, की संपादक मंडळाकडे सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक येतात त्या कविताच. स्नेहसंमेलनातील काव्यवाचनासाठी नावे देणाऱ्यांची यादीही लांबलचक असते. परंतु त्या कार्यक्रमाला बसलेल्यांकडे जरा नीट पाहावे. बहुतेक जण आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहत असतात, आणि आपली कविता वाचून झाली की हळूच दाराकडे वळतात. म्हणजे कवी पुष्कळ, श्रोता मात्र एकही नाही!

कविता लिहिणे ही ज्याची त्याची देणगी, असे आपण मानतो. ते खरेही असेल. पण कविता ऐकणे ही शिकण्याची गोष्ट आहे आणि ती एकट्याने शिकता येत नाही. त्यासाठी बैठक लागते. मराठी कवितेच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अशा बैठकींनी, मेळाव्यांनी आणि जाहीर वाचनांनी जे काम केले, ते पाहिले म्हणजे या म्हणण्यातील तथ्य ध्यानात येते.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले होते. त्यात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आपली कविता सादर केली. संमेलनाचे अध्यक्ष कर्नल कीर्तिकर यांनी ती ऐकून त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली आणि पुढे महाराष्ट्राने त्याला त्याच नावाने ओळखले. या प्रसंगाचे श्रेय आपण सहसा बालकवींच्या प्रतिभेला देतो. ते योग्यच आहे. पण वयाने आणि मानाने मोठी असलेली माणसे एका मुलाची कविता कान देऊन ऐकत होती, याचे श्रेय कोणाला द्यायचे?

संमेलन वर्षातून एकदा भरते. बैठक मात्र नियमाने भरावी लागते. तिचे उत्तम उदाहरण म्हणजे १९२३ साली पुण्यात स्थापन झालेले रविकिरण मंडळ. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे आदी मंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने एकत्र जमत. आपली नवी कविता आधी आपल्या माणसांना ऐकवायची, मग छापायची, हा तिथला क्रम. त्यातून ‘किरण’सारखे संग्रह निघाले. यशवंत आणि गिरीश यांनी तर आपल्या कविता गाऊन दाखवून काव्यगायन ही गोष्ट घराघरांत पोचविली.

अर्थात अशा मंडळात एक धोकाही असतो. आपलेच कवी, आपलेच श्रोते, मग आपलीच वाहवा! रविकिरण मंडळाला हे बजावणारा बाहेरचा कान लवकरच भेटला. प्र. के. अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहून त्या वेळच्या कवितेतल्या लकबींची भरपूर टर उडविली. उत्तम विडंबन लिहायला मूळ कविता फार बारकाईने ऐकावी लागते. तेव्हा अत्रे हेही एक चांगले श्रोतेच म्हटले पाहिजेत.

आता प्रश्न असा, की कान तयार होतो म्हणजे नेमके काय होते? एक साधे उदाहरण घेऊ. भुजंगप्रयात वृत्ताच्या ओळीत बारा अक्षरे असतात आणि ‘यमाचा यमाचा यमाचा यमाचा’ अशी त्याची चाल असते: एक लघु, दोन गुरू, असे चार वेळा. कागदावर बारा अक्षरे मोजून कोणीही ओळ रचू शकतो. पण गुरूच्या जागी लघु पडला, की मोठ्याने म्हणताना ओळ लंगडते. डोळ्याला ते दिसत नाही. कानाला ताबडतोब कळते. माधव जूलियन यांनी या सर्व विद्येची शिस्तबद्ध मांडणी ‘छंदोरचना’ या ग्रंथात केली आणि मुंबई विद्यापीठाने त्यासाठी त्यांना डी. लिट्. दिली.

माधव जूलियन यांनीच फारसीतली गझल मराठीत आणली आणि पुढे तिला खऱ्या अर्थाने मराठी केले ते सुरेश भटांनी. अमरावतीत जन्मलेल्या आणि नागपुरात राहिलेल्या भटांनी (१९३२–२००३) स्वतः लिहून हात झटकले नाहीत. नव्याने लिहू पाहणाऱ्यांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि अनेकांच्या रचना तपासून त्यांना वाट दाखविली. या बाराखडीतला एक धडा आपल्या विषयाच्या फार कामाचा आहे. समजा, एखाद्याने काफिये घेतले: कळले, वळले, ढळले. आणि चौथा घेतला ‘जुळले’. डोळ्यांना वाटते, यमक साधले. सगळीकडे ‘ळले’ आहेच. पण पहिल्या तिन्हींत ‘ळ’च्या आधी ‘अ’ हा स्वर आहे आणि चौथ्यात ‘उ’. या न बदलणाऱ्या स्वराला अलामत म्हणतात. ती मोडली, की जाणता श्रोता मान डोलावता डोलावता थांबतो. कार्यशाळा म्हणून जे काही असते ते यासाठी, की ही थांबलेली मान लिहिणाऱ्याला दिसावी.

कोणी म्हणेल, आम्ही मुक्तछंदात लिहितो. आम्हांला या हिशेबाची गरज काय? पण मुक्तछंदालाही बोलण्याची लय असतेच. नारायण सुर्व्यांची कविता कामगारांच्या वस्तीतल्या बोलण्यातून उभी राहिली आणि म्हणूनच ती ऐकताना जास्त भिडते. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तीन कवी १९६०–७०च्या दशकांत गावोगाव हिंडले आणि त्यांनी आपल्या कविता जाहीरपणे म्हणून दाखविल्या. तिघांचीही धाटणी वेगळी, आवाज वेगळे. ज्या श्रोत्यांनी काव्यसंग्रह कधी विकत घेतला नव्हता, त्यांनाही या तिघांमुळे आधुनिक कविता आपली वाटू लागली.

तर मित्रहो, आपल्या वाङ्मय मंडळाने यातून काय घ्यावे? मोठा मंडप, हारतुरे, बाहेरगावचे पाहुणे यांची मुळीच गरज नाही. महिन्यातून एक ठरलेला दिवस, एक रिकामा वर्ग आणि चहा, एवढे पुरे. आपल्या गावात एखादा जुना-जाणता कवी असतोच. त्यांना भाषणासाठी नव्हे, तर ऐकण्यासाठी बोलवावे. एका बैठकीत तीन किंवा चारच कविता घ्याव्यात. कवीने आधी प्रस्तावना करू नये. जे सांगायचे ते कवितेतच आले पाहिजे. कविता दोनदा वाचावी, एकदा कवीने आणि एकदा दुसऱ्याच कोणी. दुसरा जिथे अडखळतो, तिथे बहुधा ओळीतच काही खोट असते. श्रोत्यांनी ‘छान आहे’ एवढे म्हणून सुटका करून घेऊ नये. कोणता शब्द लक्षात राहिला आणि कोणता सुटला, ते सांगावे. बोलणे कवितेबद्दल असावे, कवीबद्दल नको. आणि शेवटचा नियम सर्वांत कडक असावा: ज्याला आपली कविता वाचायची आहे, त्याने आधीची एक पूर्ण बैठक केवळ श्रोता म्हणून बसलेले असले पाहिजे.

आज कविता मोबाईलवर लिहिली, की क्षणात शंभर जणांकडे जाते आणि शंभर अंगठे परत येतात. त्यात वाईट काही नाही. पण त्या अंगठ्यांतून अलामत चुकल्याचे कळत नाही, की एखादी ओळ कोणाच्या काळजाला लागल्याचेही कळत नाही. शिवाय आपल्या वर्गांत वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारी मुले-मुली आहेत. त्यांच्यापैकी एखादीने भर सभागृहात आपल्या बोलीतली कविता म्हटली आणि कोणी खुदकन हसले, तर ती पुन्हा उभी राहणार नाही. हे नुकसान कोणत्याच अहवालात नोंदले जात नाही.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या आपल्या बोलीत ओव्या रचून म्हणत. त्या ऐकून जवळच्या माणसांनी उतरवून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. त्यानंतर कवी असलेले त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ते लेखन अत्र्यांना ऐकविले आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्रापुढे आली. घरात तो कान नसता, तर मराठीतले एवढे मोठे धन शेताच्या बांधावरच विरून गेले असते.

पुढच्या वर्षीच्या अंकात कवितांची संख्या थोडी कमी झाली तरी चालेल. त्यांच्यामागे कोणीतरी ऐकलेले असावे, इतकेच.