नाल्याकाठचे पाच गुंठे

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेल्या पंधरा जिल्ह्यांची नावं आहेत. त्यांतले सात एकट्या महाराष्ट्रातले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि आपला यवतमाळ. नकाशा समोर ठेवून ही यादी वाचली की आणखी एक गोष्ट दिसते. यवतमाळ, नांदेड आणि तेलंगणातला आदिलाबाद ही तिन्ही नावं पैनगंगेच्या काठची आहेत. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पुसदच्या वावरांतून, वस्त्यांतून निघालेलं पाणी पूस नदीतून हिवरा संगमाजवळ याच पैनगंगेला मिळतं.

देशभरातून तपासलेल्या पंधरा हजारांहून अधिक नमुन्यांपैकी १९.८ टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर होतं. महाराष्ट्रात हेच प्रमाण ३५.७४ टक्के, म्हणजे तीन नमुन्यांमागे एकाहून जास्त. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची कमाल मर्यादा आहे आणि तिच्यात कोणतीही सूट नाही. मर्यादा ओलांडणारे जिल्हे देशभरात २०१७ मध्ये ३५९ होते, २०२३ मध्ये ते ४४० झाले.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी नितळ दिसतं, चवीला बदलत नाही. तुरटी फिरवली, ब्लीचिंग पावडर टाकली, तरी ते तसंच राहतं. उकळल्यावर तर वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावर असलेल्या बाळाला धोका आहे. बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यालायक ठेवत नाही. बाळ निळसर पडतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये शेतावरच्या विहिरींच्या पाण्याशी या आजाराचा संबंध प्रथम जोडून दाखवला. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका जवळपास नाही. बाटलीने दूध द्यावं लागतंच असेल, तर ते कालवायला तपासलेलं पाणीच घ्यावं, हे प्रत्येक अंगणवाडीत सांगितलं गेलं पाहिजे.

हे नायट्रेट येतं कुठून? गुरांच्या गोठ्यातून, विहिरीलगतच्या उकिरड्यातून, शोषखड्ड्यांतून, गावाच्या सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतातून. यातल्या खताचा हिशोब एकदा नीट मांडू. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असतं. हे सगळं नायट्रेट होऊन पाण्यात उतरलं, तर जवळपास ९२ किलो नायट्रेट तयार होईल. स्वच्छ पाण्याला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपर्यंत नेण्याचा हिशोब केला, तर एवढं नायट्रेट वीस लाख लिटर पाण्याला पुरतं, म्हणजे दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. सगळं नत्र वाया जात नाही, पीक त्यातलं बरंच उचलतं, हे खरं. पण तिसरा हिस्सा निसटला तरी एका पोत्यामागे सत्तरच्या आसपास टँकर होतात.

काळ्या मातीत ते निसटतं कसं, हे समजून घेतलं पाहिजे. युरिया मातीत पडला की काही दिवसांतच त्याचा अमोनियम होतो. मातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि अमोनियमवर धन भार, म्हणून माती त्याला धरून ठेवते. पुढे मातीतले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार असल्यामुळे माती त्याला धरत नाही, पाणी जिकडे जाईल तिकडे ते जातं. उन्हाळ्यात आपल्या वावरांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो. कोरडी तापलेली माती अचानक भिजली की तिच्यातल्या सेंद्रिय अंशातूनही भराभर नत्र मोकळं होतं. बर्च या संशोधकाने पूर्व आफ्रिकेत १९५८ मध्ये याचा अभ्यास मांडला. नेमकी हीच वेळ पऱ्हाटी आणि सोयाबीन नुकते उगवल्याची असते, मुळं वीतभरही गेलेली नसतात. नत्र मोकळं झालेलं असतं आणि उचलणारं कोणी नसतं. भूजल मंडळाने काही विहिरी पावसाळ्याआधी आणि नंतर अशा दोनदा तपासल्या. मर्यादेबाहेरचे नमुने आधी ३०.७७ टक्के होते, नंतर ३२.६६ टक्के.

आपली जमीन दख्खनच्या बेसाल्टवर पसरलेली आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि भेगाळलेला खडक, त्याखाली पाणी सहज न सोडणारा काळा पाषाण. मुरलेल्या पाण्याला पाषाण लागला की ते उताराच्या दिशेने आडवं सरकू लागतं आणि हळूहळू नाल्याकडे जातं. पावसाळा संपून दोन महिने झाले तरी काही नाले वाहतात, ते याच पाण्यावर. शेतातलं नायट्रेटही याच वाटेने नाल्याकडे निघतं.

ही वाट संपता संपता, नाल्याच्या अगदी काठावर, पाणी जमिनीच्या वरच्या थराजवळ येतं. काठाची माती दमट असते. तिथे उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन, निर्गुडी, शिंदी, वाळा, लव्हाळा वाढलेले असले, तर त्यांचा पाचोळा आणि मेलेली मुळं मातीत कुजत असतात. कुजण्याच्या कामात जिवाणू मातीतला प्राणवायू संपवतात. दमट मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांत पाणी भरलेलं असल्यामुळे नवी हवा लवकर येत नाही. अशा वेळी काही जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात. नायट्रेटच्या प्रत्येक रेणूत प्राणवायूचे तीन अणू असतात. ते टप्प्याटप्प्याने निघत जातात आणि शेवटी नुसता नत्रवायू उरतो. तो हवेत जातो, जिथे ७८ टक्के नत्रच आहे. या क्रियेला विनत्रीकरण म्हणतात. फ्रान्समधल्या बोर्दो इथे गेयाँ आणि द्युपेती या दोघांनी १८८० च्या दशकातच ती जिवाणूंचं काम असल्याचं दाखवलं होतं.

काठाची माती नायट्रेटला चाळणीसारखी अडवून साठवत नाही, ते संपवून टाकते. झाडंही नायट्रेट उचलतात, पण पानं गळली की त्यातलं बरंचसं परत मातीत येतं. जिवाणूंनी हवेत सोडलेलं नत्र मात्र पाण्यातून कायमचं गेलेलं असतं. युरियासाठी तेच नत्र हवेतून धरायला कारखान्यात नैसर्गिक वायू जाळून प्रचंड ताप आणि दाब द्यावा लागतो. परत पाठवण्याचं काम नाल्याकाठी, कुजक्या पाचोळ्यात, एक पैसा न घेता होतं.

प्रत्यक्षात किती नायट्रेट जातं, याचं गाजलेलं मोजमाप अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये ऱ्होड नदीच्या पाणलोटात झालं. पीटरजॉन आणि कोरेल या दोघांनी मक्याचं शेत आणि त्याखालच्या उतारावरचा ओढ्याकाठचा झाडपट्टा, दोन्हींचा नत्राचा जमाखर्च मांडून तो १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. शेताने त्याला मिळालेल्या नत्रापैकी ८ टक्के धरून ठेवलं होतं, झाडपट्ट्याने ८९ टक्के.

सगळीकडे असाच आकडा येत नाही. पाणी मुळांच्या थरातून, सावकाश गेलं तरच काम होतं. ते काठाच्या खालून खोल गेलं किंवा काठाला वळसा घालून गेलं, तर वर कितीही दाट झाडी असो, नायट्रेट नाल्यात उतरतंच. आयोवाचीही जमीन काळी, पिकं मका आणि सोयाबीन. तिथे शेताखाली निचऱ्याचे पाइप टाकलेले आहेत. ते काठाला ओलांडून थेट ओढ्यात उघडतात, त्यामुळे काठावर गवत असूनही नद्या नायट्रेटने भरतात. डे मॉइन शहराला नदीच्या पाण्यातून नायट्रेट काढण्यासाठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळा प्रकल्प उभारावा लागला. पुढे जेन्स आणि इसेनहार्ट यांनी बेअर क्रीक नावाच्या ओढ्यावर २०१० मध्ये एक साधा बदल केला. पाइपचं पाणी ओढ्यात न सोडता काठाच्या मातीत आडवं पसरवलं. मातीतून गेलेल्या पाण्यातलं जवळजवळ सगळं नायट्रेट नाहीसं झालं.

आता आपल्याकडच्या नाल्यांकडे वळतो. हा लेख लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

पुसदने महाराष्ट्राला शेती आणि पाण्याबद्दल बरंच दिलं. याच तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारी, रासायनिक खतं आणि सिंचन हा धान्याच्या तुटवड्यातून बाहेर पडण्याचा मार्ग त्यांनी आग्रहाने राबवला. त्या वेळी तो आवश्यकच होता. त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले, स्वतंत्र जलसंधारण विभाग त्यांच्या काळात उभा राहिला. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ त्यांच्यामुळे गावोगाव पोहोचलं. १० मे हा त्यांचा स्मृतिदिन राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. पण जिरणारं पाणी एकटं जिरत नाही, वावरातलं नायट्रेट घेऊन जिरतं. जिरवायचं तर काठही राखला पाहिजे, हा त्या कामाचा पुढचा टप्पा आहे.

आपण त्याच्या उलट करत आहोत. गेल्या दहा-बारा वर्षांत नाला खोलीकरण आणि रुंदीकरणाचा सपाटा लागला. पोकलेन येतं, उंबर-करंज मुळासकट निघतात, काठ उभा कापला जातो, निघालेला मुरूम दोन्ही बाजूंना ढिगाने पडतो. पुढच्या वर्षी त्या ढिगावर बेशरम माजते. खड्ड्यात पाणी दिसतं आणि काम झालं असं वाटतं. पण नाल्याचा तळ खाली गेला की काठाची पाणीपातळीही त्याच्यासोबत खाली जाते. काठ कोरडा पडतो, त्यात हवा शिरते. हवा असलेल्या मातीत विनत्रीकरण थांबतं, उलट नायट्रेट तयार होऊ लागतं. अमेरिकेत बाल्टिमोरजवळ खोल खचलेल्या ओढ्यांच्या काठी पीटर ग्रॉफमन आणि सहकाऱ्यांना हेच आढळलं, आणि तो अभ्यास २००२-०३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे ओढे शहराच्या पुराने खचले, आपण ते यंत्राने खोल करतो.

खोलीकरणाला माझा विरोध आहे, बंधाऱ्याला नाही. गाळ काढण्यालाही नाही, तो मूळ तळापर्यंतच काढावा एवढंच. ठेंगणा सिमेंट बंधारा किंवा दगडी गॅबियन पाणी मागे थोपवतो, काठाची पाणीपातळी वर आणतो आणि माती दमट ठेवतो. नायट्रेट जाण्यासाठी हीच ओल लागते. तेव्हा गावाने निधी मागताना खोदाईऐवजी बंधारा मागावा आणि त्यासोबत काठावरची लागवड मागावी.

काठ सोडायचा किती? संशोधनांचा एकत्र आढावा सांगतो की पन्नास मीटरहून रुंद पट्टे सर्वांत भरवशाचे ठरतात. चार-पाच एकराच्या कास्तकाराला हे सांगणं अन्यायाचं होईल. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने २०१५ मध्ये कायदा केला, त्यात मोठ्या ओढ्या-नद्यांना सरासरी ५० फूट, तर छोट्या सरकारी चरांना साडेसोळा फूट, म्हणजे पाच मीटर हिरवा पट्टा सक्तीचा आहे. आपल्या वावरालगतच्या नाल्याला हा पाच मीटरचा आकडा सुरुवातीला पुरेसा आहे. नाल्याला शंभर मीटर लागून असलेल्या वावरात त्याचे पाच गुंठे होतात. एवढी जमीन पुरात खरडून जाताना बहुतेकांनी पाहिलेली असते.

हे पाच गुंठे पडीक ठेवायचे नाहीत. पाण्याच्या कडेला वाळा आणि लव्हाळा, त्यावर बांबू, निर्गुडी, करंज, वरच्या कडेला जांभूळ, उंबर आणि धुऱ्याला लागून चाऱ्याचं गवत. गवत कापून गुरांना घातलं की त्यासोबत नत्रही काठावरून बाहेर जातं. तिथे नांगर नको, खत नको, तणनाशक नको. आणि पाचोळा जाळायचा नाही, जिवाणू त्याच्यावरच जगतात.

हा पट्टा सगळं करणार नाही. तो नाल्याकडे जाणारं आणि काठावरच्या विहिरीत उतरणारं पाणी सुधारतो. आपल्याकडे गावाच्या नळयोजनेची विहीर अनेकदा नाल्याकाठीच असते, म्हणून हे थोडकं नाही. पण वावराच्या मधोमध असलेल्या विहिरीला किंवा पाषाणाखालून पाणी ओढणाऱ्या बोअरला त्याचा उपयोग नाही. तिथे उपाय वावरातच आहे. नत्र एकदम न टाकता पऱ्हाटीची मुळं पसरल्यावर हप्त्यांनी द्यावं. सोयाबीन आपल्या गाठींतून हवेतलं नत्र स्वतःच घेतं, त्याला वरून युरियाचा मारा करू नये. उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला असावा. विनत्रीकरणातही एक उणीव आहे. ते अर्धवट राहिलं तर नायट्रस ऑक्साइड निघतो आणि तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डाय ऑक्साइडच्या २७३ पट तापमान वाढवतो. म्हणून काठावर जाणारं नायट्रेट मुळातच कमी असणं चांगलं. पट्टा हवा, आणि खताला लगामही हवा.

दिवाळीत सोयाबीन निघालेलं असतं, नाल्यांना अजून पाणी असतं. विहिरीच्या पाण्याची एक बाटली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या आणि नायट्रेटचा आकडा विचारून घ्या. ग्रामसभेत खोलीकरणाचा ठराव आला, तर त्याऐवजी बंधारा मागा आणि काठावरची झाडं राखण्याची अट त्यात लिहून घ्या. आणि रब्बीसाठी नांगर धराल तेव्हा नाल्यापासून पाच मीटर आधी वळवा.