शनिवारी सकाळी सगळी वस्ती तलावावर

वॉशिंग्टन शहराला खेटून असलेल्या उत्तर व्हर्जिनियात वसंत ऋतू आला की पालकांमध्ये एकच चौकशी सुरू होते: पोराचं नाव टीममध्ये घातलं का? ही टीम शाळेची नाही आणि बारमाही क्लबचीही नाही. ही वस्तीच्या तलावाची, फक्त उन्हाळ्यापुरती स्विम टीम. मेअखेर तलाव उघडतात, जूनमध्ये शर्यती सुरू होतात आणि जुलै संपता संपता सगळं आटोपतं. लोक या सगळ्याला ‘समर लीग’ म्हणतात. तिथे राहणाऱ्या मराठी घरांमध्येही आता हा शब्द रुळला आहे. एवढ्या छोट्या हंगामात इतकी मजा भरलेली असते की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बटरफ्लायच्या बरोबरीची लीग

इथली मोठी लीग म्हणजे नॉर्दर्न व्हर्जिनिया स्विमिंग लीग. लोक तिला एनव्हीएसएल म्हणतात. ती १९५६ साली सुरू झाली आणि आज तिच्यात शंभराहून जास्त तलावांच्या टीम आहेत. त्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये बटरफ्लाय हा प्रकार पहिल्यांदा स्वतंत्रपणे पोहला गेला. त्याआधी बटरफ्लाय ब्रेस्टस्ट्रोकच्याच शर्यतीत लपून बसला होता. हात पाण्यावरून पुढे आणायला नियमात बंदी नव्हती, म्हणून काही चलाख पोहणारे तसे हात फिरवून इतरांना मागे टाकू लागले. शेवटी १९५२ मध्ये दोन्ही प्रकार वेगळे केले गेले. आज या लीगमध्ये सहा-सात वर्षांची पोरंसुद्धा तोच बटरफ्लाय पोहतात. २५ मीटर, एकच लांबी. निम्म्या वाटेत दमतात, तरी पोहून जातात.

दोन जूनला जन्मलेल्यांची चंगळ

गट वयावर पडतात: आठ आणि त्याखालचे, नऊ-दहा, अकरा-बारा, तेरा-चौदा आणि पंधरा ते अठरा. वय मोजायचं ते १ जूनला. हंगामाच्या मध्यात वाढदिवस आला तरी गट बदलत नाही. त्यामुळे २ जूनला नऊ वर्षांचं होणारं मूल अख्खा उन्हाळा ‘आठ आणि त्याखालच्यां’मध्ये पोहतं आणि गटातलं सगळ्यात थोराड ठरतं. ३१ मे रोजी नऊ पूर्ण केलेल्याला मात्र दहा वर्षांच्या ताडमाड मुलांशी झुंजावं लागतं. दोन दिवसांच्या फरकाने नशीब पालटतं! बारमाही स्पर्धांमध्ये साधारणपणे स्पर्धेच्या दिवशीचं वय धरतात, म्हणून दोन्हीकडे पोहणाऱ्या मुलांच्या आईबापांना दोन हिशेब ठेवावे लागतात.

सहा वर्षांची केटी

पोटोमॅक नदीच्या पलीकडे, मेरीलँडमध्ये, पॅलिसेड्स नावाचा एक तलाव आहे. तिथल्या उन्हाळी टीममध्ये मोठा भाऊ मायकेलच्या जोडीने एक सहा वर्षांची मुलगी दाखल झाली. तिचं नाव केटी लेडेकी. २०१२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण जिंकलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर तिच्या नावावर नऊ सुवर्णपदकं आणि एकूण १४ ऑलिंपिक पदकं आहेत.

पाण्याला बिचकणाऱ्या मुलांसाठी दुसरं नाव आहे मायकेल फेल्प्सचं. लहानपणी त्याला पाण्यात तोंड बुडवायला आवडत नसे. म्हणून तो आधी बॅकस्ट्रोक शिकला. पुढे त्याच माणसाने २८ ऑलिंपिक पदकं मिळवली. तुमच्या पोराला डोकं पाण्याखाली घालायचं नसेल, तर उताणं पोहू द्या की!

हातावरचं कोष्टक

शर्यतीच्या सकाळी मुलांच्या दंडावर किंवा हातावर न पुसणाऱ्या मार्करने तीन रकाने आखलेले दिसतात: इव्हेंट, हीट, लेन. कोणती शर्यत, कितवी तुकडी, कोणती पट्टी, हे सगळं कातडीवर लिहिलेलं. कागद भिजतो, फोन पाण्यात नेता येत नाही, आणि सात वर्षांच्या मुलाच्या लक्षात एवढे आकडे राहत नाहीत. मोठी मुलं छोट्यांच्या पाठीवर प्रतिस्पर्ध्यांसाठी खास निरोपही लिहितात: ‘माझे बुडबुडे खा.’ शेजारच्या लेनमधून सुसाट जाणाऱ्याच्या पायांमागे बुडबुड्यांशिवाय काय उरतं?

छोट्यांना जागेवर पोचवणं हे वेगळंच खातं. तिथले स्वयंसेवक मुलांना शर्यतीच्या क्रमाने बाकावर बसवतात आणि एकेक रांग पुढे सरकवत थेट लेनपाशी आणून उभी करतात. एखादं पोर मधेच जेलीची कोरडी पावडर चाटायला पळालेलं असतं. हो, पावडरच! पाण्यात न घोळता, पाकिटातून बोट बुडवून खायची. लाल जिभा, हिरव्या जिभा. शर्यतीच्या सकाळचा हा अमेरिकन पोरांचा लाडका खाऊ आहे.

आईबाबा, घड्याळ घ्या

मूल टीममध्ये आलं की आईबाबाही टीममध्ये आले. ही लीग चालते ती पालकांच्या हातांनी. कोणी शर्यत सोडायला, कोणी पंच म्हणून, कोणी खाऊच्या टेबलावर, कोणी निकाल लिहायला. आणि सगळ्यात जास्त माणसं लागतात ती वेळ घ्यायला.

ऑलिंपिकसारखे स्पर्श टिपणारे पॅड इथे सहसा नसतात. एकेका लेनला तीन माणसं स्टॉपवॉच घेऊन उभी राहतात आणि तिघांतली मधली वेळ धरतात. एकाचं बोट लवकर पडलं, दुसऱ्याचं उशिरा, तरी मधला आकडा शाबूत राहतो. मुख्य वेळाधिकारी जास्तीची घड्याळं चालू ठेवूनच उभा असतो. कोणाचं घड्याळ सुरू झालं नाही, तर त्याने हात वर करायचा आणि चालू घड्याळ त्याच्या हाती येतं.

आणि घड्याळ सुरू करायचं ते शर्यत सोडतानाच्या आवाजावर नाही, त्याच क्षणी चमकणाऱ्या दिव्याच्या लखलखाटावर. शर्यत सोडणारा एका बाजूला असतो, वेळ घेणारा कदाचित दुसऱ्या. आवाजाला २५ मीटर जायला साधारण ०.०७ सेकंद लागतात. प्रकाशाला मात्र वेळ लागतच नाही म्हटलं तरी चालेल. ०.०७ सेकंद हसण्यावारी नेऊ नका. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण ०.०४ सेकंदांनी ठरलं, आणि ते जिंकणारी टॉरी हस्क याच उत्तर व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनची.

हाताने घेतलेल्या वेळेने एकदा ऑलिंपिकही हादरलं होतं. १९६० ला रोममध्ये १०० मीटर फ्रीस्टाईलला तीनही घड्याळांनी अमेरिकेच्या लान्स लार्सनला पुढे दाखवलं, पण पंचांमध्ये दुमत होतं आणि मुख्य पंचाने ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिटच्या बाजूने कौल दिला. सुवर्ण डेव्हिटला गेलं. त्या वादानंतर यंत्राने वेळ घेण्याची निकड सगळ्यांना पटली आणि १९६८ ला मेक्सिको ऑलिंपिकमध्ये स्पर्शाचे पॅड आले. वस्तीच्या तलावावर मात्र आजही विश्वास आहे तो तीन शेजाऱ्यांच्या अंगठ्यांवर. मला हीच गोष्ट फार आवडते. जिच्या मुलाला तुमचा मुलगा हरवतोय, तीच बाई तुमच्या मुलाची वेळ प्रामाणिकपणे टिपत असते.

बाद होणं हा शिक्षणाचा भाग

ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी टेकावे लागतात. एक हात आधी लागला की बाद. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय कात्रीसारखे उघडझाप झाले की बाद. बॅकस्ट्रोकमध्ये भिंत शोधायला शेवटी पालथं झालं की बाद. भिंत जवळ आली हे उताण्या पोराला कळावं म्हणून तलावावर आडव्या पताका बांधतात. मीटरच्या तलावात त्या भिंतीपासून बरोबर पाच मीटरवर असतात. पताका दिसली की हात मोजायचे: एक, दोन, तीन... आणि भिंत. प्रत्येक मुलाचा आकडा वेगळा, आणि तो दर उन्हाळ्यात उंचीबरोबर बदलतो.

छोटी मुलं पहिल्या हंगामात हमखास बाद होतात. त्यात रडण्यासारखं काही नाही. पंच चिठ्ठीवर नेमकी चूक लिहितो, प्रशिक्षक सोमवारी तीच सुधारून घेतो. प्रशिक्षक तरी कोण? बऱ्याचदा कॉलेजात गेलेली, दोन-चार वर्षांपूर्वी याच टीममधून पोहलेली मुलंमुली. तलावाचे जीवरक्षकही त्यांच्यातलेच. आठ वर्षांच्या मुलीला कॉलेजातल्या ताईने दाखवलेली भिंतीपाशी वळायची कोलांटी मोठ्या माणसाने शिकवलेल्या कोलांटीपेक्षा लवकर जमते, अशी माझी पक्की खात्री आहे.

वास कशाचा?

तलावाचा तो डोळे झोंबवणारा वास क्लोरीनचा आहे आणि वास जास्त म्हणजे पाणी स्वच्छ, असं पुष्कळांना वाटतं. खरं आहे ते उलटं. क्लोरीन जेव्हा घाम, लघवी, अंगावरची तेलं यांच्याशी संयोग पावतं तेव्हा क्लोरामाइन तयार होतात. वास त्यांचा, आणि डोळे लाल होतात तेही बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच. म्हणून पाण्यात उतरण्याआधी अंघोळ. सोनेरी केस हिरवे होतात त्याचा दोषही क्लोरीनचा नाही, पाण्यातल्या तांब्याचा. काळ्या केसांवर तो रंग दिसत नाही, एवढंच.

फाटक उघडायला न्यायालय लागलं

या तलावांचा एक इतिहास आहे आणि तो मुलांना सांगायलाच हवा. वस्त्यांचे हे तलाव सभासदांच्या मालकीचे, आणि त्यांतले बरेच एकेकाळी काळ्या कुटुंबांना आत घेत नसत. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स परगण्यात पॉल सलिव्हन या गोऱ्या घरमालकाने आपलं घर फ्रीमन या काळ्या माणसाला भाड्याने दिलं आणि घराबरोबर उद्यानाच्या आणि तलावाच्या सभासदत्वाचा हिस्साही त्याच्या नावे केला. लिटल हंटिंग पार्कच्या मंडळाने फ्रीमनला नाकारलं. सलिव्हनने विरोध केला, तर त्यालाच सभासदत्वावरून काढून टाकलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये निकाल सलिव्हन आणि फ्रीमन यांच्या बाजूने लागला. पुढे १९७३ मध्ये मेरीलँडच्या व्हीटन-हेवन तलावाच्या खटल्यात न्यायालयाने एकमताने सांगितलं की असा वस्तीचा तलाव ‘खासगी क्लब’ या सबबीखाली वर्णावरून कोणाला बाहेर ठेवू शकत नाही.

२०१६ ला रिओमध्ये सिमोन मॅन्युएल पोहण्यात वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी पहिली काळी महिला ठरली. किती उशीर! आज याच तलावांच्या काठावर देशपांडे, ग्वेन, जॉन्सन आणि किम एका रंगाच्या टोप्या घालून एकच घोषणा देतात. ती टोपी कोणासाठी तरी लढून मिळवावी लागली होती.

आधी शिकू दे, मग टीम?

‘अजून नीट येत नाही हो, पुढच्या वर्षी बघू,’ हे मराठी आईबाबांचं ठरलेलं उत्तर. आपण विहिरीत शिकलो ते पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून, आणि एकदा डबा सुटला की पोहणं आलं असं धरलं. म्हणून आपल्याला वाटतं की शिकणं आधी आणि शर्यत नंतर. इथे उलटं चालतं. बहुतेक टीमना एवढंच हवं असतं की मूल न थांबता एक लांबी पार करेल. कशीही! बाकीचं रोज सकाळच्या सरावात शिकवतात. जूनमधलं गार पाणी पहिला आठवडा नको नको करतं, पण मित्र उडी मारतोय म्हटल्यावर कोण काठावर बसतं?

हळू पोहणाऱ्याचीही सोय आहे. शनिवारच्या मुख्य लढतीत प्रत्येक वैयक्तिक शर्यतीत दोन्ही टीमचे तीन-तीन सगळ्यात वेगवान उतरतात. बाकीच्यांसाठी आठवड्यात संध्याकाळी वेगळी लढत असते. तिथे गुण मोजत नाहीत, मोजतात ती प्रत्येकाची स्वतःची वेळ. गेल्या वेळेपेक्षा एक सेकंद कमी झाला की टाळ्या. शिवाय टीमचे गट दरवर्षी ताकदीप्रमाणे पाडतात, सहा-सहा टीमचे, म्हणजे कच्च्या टीमची गाठ कच्च्या टीमशीच पडते.

शेवटच्या दोन शर्यती

एनव्हीएसएलच्या शनिवारच्या लढतीत ५२ शर्यती असतात. ४० एकेकट्याच्या, १२ रिले. वैयक्तिक शर्यतीत पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक; रिले जिंकली की पाच. बेरीज ४२०. म्हणजे जिंकायला २११ हवेत. चार प्रकारांच्या रिलेत बॅकस्ट्रोक नेहमी आधी असतो, कारण तो पाण्यातून सुरू होतो. मधे आला असता तर भिंतीला लटकलेला आणि भिंतीकडे झेपावणारा, दोघांची टक्कर झाली असती.

पण खरी गंमत शेवटच्या दोन रिलेंत आहे, एक मुलींची, एक मुलांची. त्यांत वेगवेगळ्या वयोगटांतली चौघं एकाच रिलेत पोहतात. दहा आणि त्याखालच्या गटातल्या मुलीने आपले ५० मीटर संपवून भिंतीला हात लावला की पुढची उडी तिच्याहून कितीतरी मोठ्या ताईची. छोटीने राखलेली आघाडी मोठीच्या कामी येते. तोवर गुण २०५-२०५ असे अडलेले असतील, तर सगळी लढत या दहा गुणांवर येऊन ठेपते. तेव्हा आपल्या पोराच्या शर्यती उरकल्या म्हणून अकरा वाजता खुर्च्या गुंडाळून गाडीकडे निघू नका.