दोन लिटर आत, दोन लिटर बाहेर

घरी डायलिसिस म्हटलं की मोठं यंत्र डोळ्यांपुढे येतं. माझ्या मामांकडे भिंतीत एक हूक आहे, जमिनीवर प्लास्टिकचा टब, मधे खुर्चीत मामा. औषधी पाण्याची दोन लिटरची पिशवी हुकाला अडकवायची आणि पोटातून बाहेर काढलेल्या नळीला जोडायची. आतड्यांभोवतीचं पातळ आवरणच इथे गाळणी. पाण्यातली साखर अंगातलं जादा पाणी ओढते, रक्तातली घाण त्यात पाझरते. चार-सहा तासांनी ते सोडायचं, नवं भरायचं. दिवसातून चार वेळा. आठवड्यातून तीनदा सांगली गाठून चार-चार तास पडून राहणं वाचलं, पण घराला सुट्टी अशी नाही.

मधुमेहाने मामांची बोटं बधिर झालीत, म्हणून जोडणी मामीची. पंखा बंद, खिडकी बंद, दोघांच्या तोंडाला मास्क, साबणाने हात. नळीचं टोक उघडं असतं तेव्हा बोलायचं नाही. या घरात दोन मिनिटं शांतता एवढीच. टोक जोडलं, की कुरबुर सुरू.

वीसेक मिनिटांत जुनं पाणी उतरतं. मामी ते काट्याला लावते, मामा वहीत मांडतात.

"तीनशे जास्त आलं. आता चहा टाक."

"अहो, काल पाय बघितलेत?" ती वाकून नडगीवर अंगठा दाबते. खड्डा राहिला तर अर्धा कप, नाही राहिला तर पाऊण. डॉक्टरांनी पाण्याचं माप दिलंय, पण खरा कायदा हा अंगठ्याचा. आणखी एक: या पाण्यातून प्रथिनं वाहून जातात. त्यामुळे जन्मात अंड्याला न शिवलेली मामी आता गॅलरीत, वेगळ्या पातेल्यात, रोज अंडी उकडते. पिवळं मांजराला.

उतरलेल्या पिशवीमागे वर्तमानपत्र धरायचं. अक्षरं वाचता आली तर ठीक. गढूळ दिसलं तर पोटात जंतू, आणि पिशवीसकट दवाखाना. मागच्या पावसाळ्यात ते झालंच. हात नीट धुतले होते का, असं नर्सने विचारलं. मामीने तोंड उघडण्याआधीच मामा म्हणाले, "टोकाला माझाच हात लागला." ते तर जोडणीच्या वेळी हात मांडीवर घेऊन बसतात.

"खोटं कशाला बोलता?" मामी सगळ्यांदेखत कडाडली. मग लाईट आल्यावर पंखा फिरायला लागला होता, बटण बंद करायचं राहिलं होतं, हे तिने नर्सला सविस्तर सांगितलं.